बिरोबाच्या रानातलं गाजरगवत

आमची धाकटी बहीण दगडाबाई म्हंजे वाघीण. सगळ्या पाटोदा तालुक्यात अशी छातीची बाई दाखवा, मिशी उतरवून देतो. आमच्या घराण्याचं रगत हाय ते. पर त्या दुष्काळात तीबी भ्याली, अन् लई भ्याली.

तिचा नवरा सिदू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलता. घरी दगडाबाई, दोन म्हशी अन् टँकरची वाट. हिरवं म्हणावं ते फक्त बिरोबाच्या रानात, झऱ्याच्या ओलीवर. त्या रानाचा कायदा आज्यापणज्यापासून एकच: जनावरानं चरावं, माणसानं काडीला हात लावू नये. झालं काय, जनावरं गवत तेवढं खात गेली अन् गाजरगवत माजलं. पांढऱ्या फुलानं रान भरलं. भुकेली म्हसरं तेबी ओरबाडू लागली, अन् दूध कडू झालं.

दूध संस्थेचा आसाराम चाखून थुकला. "आक्का, वस्तीचं समदंच दूध कडू येतंय. पुढल्या हप्त्यात असंच निघालं तर गाडी इकडं वळायची न्हाई."

"मग आमी खावं काय?"

"ते तुमच्या बिरोबाला इचारा."

गाडी बंद म्हंजे चूल बंद. सकाळी ती एकलीच रानात गेली, देवापुढं डोकं टेकलं अन् गाजरगवत मुळासकट उपटाया लागली. बांधावरून जाऊ चतुराबाई वरडली, "अगं ए, येड लागलं का? कावून हात लावलास?"

दुसऱ्या दिवशी दगडाबाईचे दोन्ही हात फोडानं भरले. डोळे सुजले. आग आग नुसती. देवाचा पुजारी म्हाळू लांबूनच म्हणाला, "खवळला देव. आज हात, उद्या म्हशी, मग समदी वस्ती."

टँकर आला तर बाया तिच्यापासून सरकून उभ्या. तिच्या घागरीला कुणी हात लावंना. म्हैस नुसती शिंकली तरी ती धावत गोठ्यात जायची. सिदूचा फोन लागला न्हाई की वाटायचं, झालं, देवानं तिकडं गाठलं. हातावर भंडारा चोळायची अन् म्हणायची, "चुकलं बाबा, माझ्यावरच काय ते काढ."

अन् चोळी बदलताना तिला दिसलं. कोपराच्या वर, बाहीच्या आत, कातडी निर्मळ. एक फोड न्हाई. ती तशीच बघत बसली. देवाला चोळीची बाही आडवी येती व्हय?

पर खात्री कुठली? तिनं सिदूचं जुनं धोतर फाडलं, बोटापासून खांद्यापर्यंत गुंडाळलं अन् परत रानात गेली. म्हाळू बांधावर उभा. "मरशील बये! लेकराबाळांची वस्ती हाय!" डोळे मिटूनच तिनं पहिलं झाड उपटलं.

सकाळी कापड सोडायची हिंमत व्हईना. सोडलं तर नवा फोड एकबी न्हाई. मानेवर मात्र, पदर घसरला होता तिथं, पुरळ. तिनं चतुराबाईला मान दाखवली. "बघ, उघडं तिथंच आलं."

"देव काय आंधळा हाय? उघडं बघूनच हाणतोय," चतुराबाई म्हणाली. पर दुसऱ्या दिवशी तीच आली, नवऱ्याच्या विजारीचे पाय दोन्ही हातात चढवून! हसावं का भ्यावं कळंना. मागून आणखी बाया, कुणी गोधडीच्या चिंध्या बांधलेल्या, कुणी पोत्यात हात घातलेले. एकेक झाड उपटताना चतुराबाई पुटपुटायची, "बिरोबा, हे तुझं न्हाई ना रं?" म्हसरं दावणीला बांधली, संस्थेनं हप्त्यापुरत्या उधार दिलेल्या उसाच्या वाढ्यावर, म्हंजे शेंड्याच्या पाल्यावर, ठेवली.

आसारामची गाडी आली. बाया पोत्यातले हात तसेच घेऊन उभ्या, म्हाळूबी आला. आसारामनं दगडाबाईच्या दुधाचा थेंब जिभेवर ठेवला. दगडाबाई म्हशीची शेपटी गच्च धरून उभी होती.

त्यानं थेंब गिळला. थुकला न्हाई. कॅन उचलून गाडीत ठेवली.

दगडाबाई मटकन खाली बसली, अन् उठली ती थेट म्हाळूपुढं. "मामा, झऱ्याखालची बाजू राहिलीय. हातात कापड बांधा अन् चला."

म्हाळूनं धोतराचा सोगा फाडला. एका हातानं गाठ बसंना, म्हणून ती तिनंच मारली.