मुलीच्या नावाने दिलेला राजीनामा

नगरच्या जिल्हा न्यायालयात मी चौतीस वर्षे नोकरी केली. त्या काळात माझा एका गोष्टीवर देवाइतकाच विश्वास बसला, आणि खरे सांगायचे तर देवापेक्षा किंचित अधिकच. ती गोष्ट म्हणजे नीट बांधलेला अर्ज. ज्यात वस्तुस्थिती क्रमाने आहे, नियमाचा आधार आहे आणि शेवटी स्पष्ट मागणी आहे, अशा अर्जाला कोणतेही कार्यालय कायमचे टाळू शकत नाही, असे मी मानत असे. महामारीच्या दुसऱ्या वर्षी या विश्वासाची परीक्षा झाली आणि मी तीत उत्तीर्ण झालो नाही. ती हकीकत लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

त्या वर्षी मी मुलाकडे, अमोलकडे, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला होतो. सहा महिन्यांसाठी आलो होतो. सीमा बंद झाल्या आणि अडकलो. माझी मुलगी विनया त्याच वेळी झांबियाच्या उत्तर भागातील एका खेड्यात, मिशनच्या रुग्णालयात, सुईण-परिचारिका म्हणून काम करीत होती. नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने प्रार्थना करून तिला पाठवले त्याला अकरा वर्षे झाली होती. तिथे वीज दिवसातून काही तास जनरेटरवर चाले. रुग्णालयाची एकमेव गाडी कित्येक महिने बिघडून उभी होती. दूरच्या गावांतील गरोदर बायका दिवस भरण्याच्या आधीच चालत येत आणि आवारातील एका लांबट खोलीत राहत, चुलीवर स्वतःचे पीठ शिजवत वाट पाहत. महामारीत तिथले डॉक्टर वारले, दोन परिचारिका घरी निघून गेल्या. उरली विनया.

फोनला तिथे रेंज नव्हती. रुग्णालयामागे पुरुषभर उंचीचे एक वारूळ होते. त्यावर चढले की मिळे. दर रविवारी, इथली उपासना संगणकाच्या पडद्यावर संपली की, ती त्या वारुळावरून फोन करी. मी दर रविवारी एकच प्रश्न विचारी.

"कधी येतेस?"

"पप्पा, खोलीत बायका दिवस मोजत बसल्यात. त्यांना काय सांगू, पुढची तारीख पडली म्हणून?" ती हसून म्हणे. माझ्या कचेरीची भाषा माझ्यावरच उलटवायची तिची लहानपणापासूनची खोड.

मला हसू येत नसे. मी संतापलो होतो. मिशनच्या मंडळावर, इथल्या सरकारवर, आणि ज्याच्यावर संतापल्याचे कबूल करायला मला लाज वाटे त्याच्यावरही. तिला ऑस्ट्रेलियात येऊ द्यावे म्हणून मी इथल्या व्हिसाच्या खात्याला पत्रांमागून पत्रे पाठवली. नियम, पोटनियम, अपवाद, सर्व नमूद केले. अमोल म्हणाला, "पप्पा, अजून एक ईमेल? त्यांचा ऑटो-रिप्लायसुद्धा आता तुम्हाला नावाने ओळखत असेल." मी त्याला सांगितले की पाठपुरावा न करणाऱ्याला तक्रारीचा अधिकार नसतो. "मग करा," तो म्हणाला. "पण विनूला एकदा विचारलंत का?"

विचारले नव्हते. विचारण्याऐवजी मी जे केले, ते माझ्यासारखा माणूसच करू शकतो. विनयाने जाताना मला एक मुखत्यारपत्र करून दिले होते. आमच्या शेताच्या वारसनोंदीसाठी तिच्या सह्या लागत. त्या तिच्यावतीने मी कराव्यात एवढाच त्याचा हेतू. पण मसुदा मीच केला होता, आणि जुन्या सवयीने त्यात 'आणि इतर सर्व बाबतींत' असे शब्द घातले होते. त्या शब्दांच्या आधारे मी मिशनच्या मंडळाला विनयाच्या नावाने राजीनामा पाठवला. प्रकृती ठीक नसल्याने सेवेतून मुक्त व्हायचे आहे, असे त्यात लिहिले. तिची प्रकृती तेव्हा उत्तम होती. चौतीस वर्षे मी लोकांना खोट्या प्रतिज्ञेची शिक्षा काय ते सांगत आलो होतो.

मंडळाने चार दिवसांत राजीनामा स्वीकारला. शुक्रवारी राजधानीहून ट्रक तिला न्यायला येईल, असे कळवले. त्याच आठवड्यात इथल्या खात्याने तिचा प्रवेश नाकारला. म्हणजे माझ्या कर्तबगारीने तिचे तिथले छप्पर गेले आणि इथले दार उघडले नाही.

रविवारी फोन आला. आवाज बसलेला होता.

"पप्पा, माझा राजीनामा तुम्ही दिलात?"

"तुझ्या हितासाठी."

"ते मुखत्यारपत्र शेतासाठी होतं. मी काय शेत आहे?"

मग ती खोकू लागली. खोकला थांबेना. पाठीमागे बायकांचे आवाज आले आणि फोन तुटला. खोटे लिहिलेले आजारपण खरे झाले होते. पुढच्या रविवारी फोन आला नाही. ट्रक तिला घेऊन गेला, की वारुळावर चढायचे बळ तिच्यात उरले नव्हते, की त्याहून वाईट काही, हे कळायला मार्ग नव्हता. मंडळाचा फोन कोणी उचलत नव्हते.

मी काय केले? चौदा पानांचे पत्र लिहिले. राजीनाम्याची शहानिशा न करता तो स्वीकारणे हा मंडळाचा निष्काळजीपणा कसा ठरतो, हे मी त्यात मुद्देसूद मांडले.

सोमवारी माझी लशीची पाळी होती. तिथून टपाल कचेरीत जायचे म्हणून जाडजूड लिफाफा मांडीवर घेऊन मी बसलो होतो. अंतर सोडून ठेवलेल्या शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक गोरी बाई होती, पायात शेतावरचे बूट. लिफाफ्यावर मंडळाच्या पत्त्याखाली, विषय म्हणून, मी रुग्णालयाचे आणि गावाचे नाव ठळक लिहिले होते. ती मान वाकडी करून ते वाचत राहिली. मला राग आला. मग तिने त्या गावाचे नाव उच्चारले, विनया उच्चारते तसे, हुबेहूब.

तरुणपणी ती त्या गावच्या मिशन शाळेत सात वर्षे शिकवत होती. पत्रात काय आहे, असे तिने विचारले. का कोण जाणे, मी सर्व सांगितले. तोपर्यंत मी ते कोणालाच पूर्ण सांगितले नव्हते.

ती म्हणाली, "म्हणजे चूक तुमची, आणि दावा त्यांच्यावर?"

मी उठून जाणार होतो. पण नर्सने माझे नाव पुकारले नव्हते, आणि रांग सोडणे नियमात बसत नव्हते.

"पत्राने तिथे कधी काही हललेलं नाही, मेट," ती इथल्या सलगीच्या रीतीने म्हणाली. "तिथे माणूस सायकलवर बसतो आणि जातो." तिचा एक जुना विद्यार्थी आता डांबरी रस्त्यावरच्या बाजारगावात धर्मशिक्षक होता. दर नाताळला ती त्याला फोन करी. तिने तिथेच त्याला फोन लावला आणि त्यांच्या भाषेत बोलली. पलीकडून कोणी मोठ्याने हसले, मग एकदम गंभीर झाले. रुग्णालय त्याच्यापासून सायकलीने दिवसभराच्या वाटेवर होते. तो निघतो म्हणाला.

त्यानंतरचे तीन दिवस मी प्रार्थना करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा मला कळले की माझी प्रार्थनाही आजवर अर्जच होती: वस्तुस्थिती, आधार, मागणी. या खेपेस आधार म्हणून दाखवावे असे माझ्याजवळ काही नव्हते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मी हजारो वेळा म्हटली आहे. तिच्यात देवाच्या इच्छेची गोष्ट आधी येते आणि भाकरीची नंतर. कलमांचा क्रम तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या हे सत्तरीनंतर ध्यानात आले. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या कलमापाशी मी थांबलो आणि पुढे गेलो नाही.

गुरुवारी सकाळी ती बाई आमच्या दारात आली. निरोप असा होता. गेल्या शुक्रवारी ट्रक आला तेव्हा विनया तापाने पडलेली होती. त्याच वेळी त्या लांबट खोलीत एक बाई दोन दिवस अडलेली होती, आणि शस्त्रक्रियेखेरीज ती आणि मूल दोघेही वाचणार नव्हते. कोविडचा रुग्ण आणि अडलेली बाई एका केबिनमध्ये नेता येत नव्हते. चालकाच्या कागदावर विनयाचे नाव होते. तिने भिंतीला धरून दारापर्यंत येऊन त्या बाईला ट्रकमध्ये बसवायला लावले. ट्रक गेला. मग खोलीतल्या बायकांनी पाळ्या लावून विनयाला श्वास घेता यावा म्हणून पालथे झोपवले, पेज भरवली. धर्मशिक्षक पोचला तेव्हा ती उठून बसली होती. तिकडे मोठ्या रुग्णालयात बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

माझ्या खोट्या राजीनाम्याविना तो ट्रक त्या गावी आला नसता, हे खरे आहे. हा मी माझा बचाव म्हणून मांडत नाही. माझे कृत्य गैर होते आणि गैरच राहील. त्यातून जे निघाले, ते माझे नव्हते, एवढेच मला म्हणता येते.

चौदा पाने मी फाडली. मंडळाला तीन ओळी लिहिल्या: राजीनामा माझ्या मुलीचा नव्हे; तो मी तिच्या संमतीविना दिला; तो रद्द समजावा आणि दोष माझा मानावा. एकही नियम उद्धृत केला नाही. मंडळाने ते मान्य केले.

दोन रविवारांनंतर फोन आला. मी तिची माफी मागितली. मग तिच्या प्रकृतीविषयी विचारले आणि जेवणाविषयी विचारले.

"पप्पा, कधी येतेस ते विचारलं नाहीत आज."

"नाही."

वाऱ्याच्या आवाजातून ती म्हणाली, "मला इथे भीती वाटते, पप्पा. रोज सकाळी वाटते."

अकरा वर्षांत तिने हे मला एकदाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी त्याचा पुरावा केला असता. त्या दिवशी मी कागद पुढे ओढला नाही. देवाच्या कृपेने मी ऐकत राहिलो, आणि ती बोलत राहिली.