वंदनाताईंच्या कॉम्प्युटरची केबल

वंदनाताईंच्या कॉम्प्युटरमधलं तिसरं नेटवर्क कार्डही जळालं, तेव्हा साठेसाहेबांचा पारा चढला. "जोडणीच काढून टाका. बाई फ्लॉपी घेऊन ऑफिसात येत जातील," त्यांनी फर्मावलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या त्या कारखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळायचो. साठेसाहेब तिथले मॅनेजर. तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलने जोडलेले असत. आत तांब्याची तार, तिच्याभोवती धातूची जाळी. ऑफिसातून निघालेली ही केबल आवार ओलांडून शेडमधल्या डिस्पॅचच्या केबिनमध्ये, वंदनाताईंच्या टेबलापर्यंत जायची. मी ती बदलून पाहिली, टोकाला बसणारा टर्मिनेटर नावाचा टोपीसारखा तुकडाही बदलला. फरक शून्य.

वंदनाताई म्हणायच्या, कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. साहेब म्हणायचे, त्यांना एसीची सवय नाही.

त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जायचं. आत धूळ नको म्हणून. जोडणी काढायला मीही अनवाणी गेलो. फरशी नुकतीच पुसलेली. डाव्या हाताने डबा धरला, उजव्याने केबलचं धातूचं टोक फिरवून ओढलं. ते सुटलं मात्र, आणि छातीत लाथ बसावी तसा मी मागे फेकला गेलो. धावत आलेल्या वंदनाताईंना मी हातानेच थांबवलं.

इलेक्ट्रिशियनने डब्याला टेस्टर लावला. लख्ख पेटला. मग शोधाशोध झाली. दसऱ्याच्या मशीनपूजेसाठी शेड रंगवताना भिंतीवरून जमिनीत जाणारी गंजकी पट्टी कुणीतरी कापून टाकली होती. रांगोळीच्या जागेत ती वाईट दिसत होती म्हणे. ते शेडचं अर्थिंग होतं, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी वाट. शेडमधली एक मोटर वीज गळत होती. वाट बंद झाल्यावर ती वीज अर्थिंगच्या तारेतून कॉम्प्युटरच्या डब्यात यायची आणि केबलच्या जाळीवरून ऑफिसच्या अर्थिंगला जायची. कार्डं त्यातच जळत होती. मी केबल सोडवली तशी ती वीज माझ्या दोन हातांमधून गेली.

पुढचं मला नंतर सुचलं. मी डब्याला हात न लावता केबल नुसती प्लास्टिकला धरून काढली असती, तर मला काहीच झालं नसतं. काम झालं म्हणून ठाण्याला घरी गेलो असतो. आणि वंदनाताईंनी ओल्या फरशीवर अनवाणी पाय टेकून त्याच डब्याला हात लावला असता. वीज वाहून नेणारी ती केबल तेव्हा नसती. आम्हाला जी कटकट वाटत होती, तिच्यामुळेच बाई जिवंत होत्या.

संध्याकाळपर्यंत नवी पट्टी बसली, मोटर दुरुस्तीला गेली. पुढे एकही कार्ड जळालं नाही.

वंदनाताईंनी फक्त एकच विचारलं, "म्हणजे मला मुंग्या येत होत्या, ते खरंच होतं ना, साहेब?"



तेव्हापासून मशीन उघडण्याआधी मी त्यावर बसणाऱ्याला विचारतो, तुम्हाला काही होतंय का. मशीन काय, बदलून मिळतं.