नागोयाच्या किल्ल्यात महाराज कुठे बसणार?

जपानमधल्या नागोया किल्ल्याचा राजवाडा पुन्हा बांधून झालाय आणि यंदा पूर्ण खुला झालाय. दुजोरा दिला आमच्या इराच्या वर्गातल्या युकीच्या आईने, आज दुपारी, म्युनिकमधल्या आमच्या चिखलाने भरलेल्या बाल्कनीत.

मंडळी, झालं असं. पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना नातीबरोबर दिवाळीचा किल्ला करायचा होता. "युकीच्या गावचा केला तरच," इराने अट घातली. आबा कबूल झाले. पाच मजली मनोरा उभा राहिला आणि आबांनी शिवाजी महाराजांना थेट टोकावर बसवलं.

"नाइन, नाही आबा! हा युकीच्या गावचा किल्ला आहे!" इरा रुसून आत गेली. आबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात युकी आणि तिची आई आल्या. "तिथे वर कोणी राहत नसे," आई म्हणाली. सरदार खालच्या राजवाड्यात राहायचा. पुढे तो वाडा शोगुनसारख्या बड्या पाहुण्यांसाठी राखला. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला, पण सरकत्या दारांवरची चित्रं आधीच हलवल्याने वाचली. मी आबांना मराठीत सांगत गेले.

"अगं, म्हणजे आपण राजवाडाच विसरलो!" आबा ओरडले. "इरा, महाराज पाहुणे म्हणून चालतील का?"

दार उघडलं. "गेनाऊ, अगदी बरोबर! पण दारं मी रंगवणार."

सध्या दोघांचे हात कोपरापर्यंत मातीत आहेत. उद्या महाराज राजवाड्यात उतरतील. यजमान म्हणून युकी तिची बाहुली आणणार आहे. तुमच्या बाल्कनीत यंदा कोणता किल्ला?