शिरूरहून दौंडला, मूळ पापासकट

माझ्या धाकट्या बहिणीनं, विनयानं, फोनवर एवढंच सांगितलं: "बाळाला बाप्तिस्मा आप्पांनीच द्यायचा. आणि पाण्याला हात लावायच्या आधी त्यांनी मला उत्तर द्यायचं." फोन ठेवला गेला आणि मी गाडीत पेट्रोल भरायला निघालो. विनयाशी वाद घालण्यापेक्षा पुणे, शिरूर, दौंड आणि परत पुणे असा त्रिकोण मारणं केव्हाही सोपं.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी पुढे सगळं सांगतोच, पण आधी थोडी घरातली गोष्ट. आम्ही ख्रिस्ती. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम शिरूर. विनया दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहते, नवरा रेल्वेत. चार वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं. बाप्तिस्मा व्हायचा राहून गेला होता. तिनं आप्पांना विचारलं, "माझं बाळ आता कुठं असेल?" आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "शास्त्रात याचं स्पष्ट उत्तर नाही, पोरी." मी त्या खोलीतच होतो. तेव्हापासून विनया आप्पांशी एक शब्द बोललेली नाही. आता तिला मुलगी झाली आहे, पाच महिन्यांची, आणि तिला तोच प्रश्न त्याच माणसाला परत विचारायचा होता.

आता बाप्तिस्म्याचा आणि त्या उत्तराचा काय संबंध, असं माझे अ-ख्रिस्ती वाचक विचारतील. सांगतो. आदाम आणि हव्वेनं एदेन बागेतलं मना केलेलं फळ खाल्लं. तेव्हापासून माणसाचा स्वभावच कलंडला आणि तो कल पिढ्यान् पिढ्या आपल्यापर्यंत आला. याला म्हणायचं मूळ पाप. सातबाऱ्यावर नाव न लावता, तलाठ्याकडे खेटे न घालता मिळणारी ही एकमेव वडिलोपार्जित इस्टेट. बाप्तिस्म्याच्या उपासनेत सुरुवातीलाच याचं एक वाक्य येतं, की सगळी माणसं पापातच जन्माला येतात. आप्पांनी ते वाक्य आयुष्यात कधी गाळलेलं नाही. मग अकरा दिवसांचं बाळ पाण्याविना गेलं तर त्या इस्टेटीचं काय झालं, हा विनयाचा प्रश्न.

शनिवारी सकाळी सातला निघालो. जानेवारीची थंडी, नगर रोडवर वाघोलीपर्यंत ट्रकांची रांग, शिक्रापूरला कडक चहा, रांजणगावला भाविकांच्या गाड्या. दोन तासांत शिरूर. बाजारपेठेजवळच्या एका हॉटेलात मिसळ खाल्ली. तिच्या रश्श्यानं नाकातून गंगा-यमुना वाहिल्या, म्हणजे सकाळ सत्कारणी लागली. आप्पा घराच्या पायरीवर तयारच बसले होते. पांढरा लेंगा, काळा कोट, मांडीवर उपासनेचं पुस्तक.

"सलाम, आप्पा." आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार तो हाच.

"सलाम. उशीर केलास. तुझ्या वडिलांचीही हीच खोड."

"मूळ पाप, आप्पा."

"पापाची थट्टा नको," असं म्हणून त्यांनी सीटबेल्टशी झटापट सुरू केली.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता बरा आहे. खड्डे आहेत, पण ते प्रामाणिक, लांबून दिसणारे. आप्पांनी गाडीत बसल्यापासून उपदेश सुरू केला. मी दोनदा विनयाचा विषय काढला, दोनदा त्यांनी मला आदामाकडे परत नेलं. न्हावरा मागं टाकल्यावर मेंढरांनी रस्ता अडवला. दोन-अडीचशे मेंढरं, एक घोडं, त्याच्यावर लादलेला संसार, आणि कडेच्या गव्हात तोंड घातलेलं एक कोकरू. फेटेवाल्या मेंढक्यानं त्याला मागच्या पायाला धरून बाहेर ओढलं.

आप्पांनी काच खाली केली. "याला हे शिकवलं कुणी?"

"कोन शिकवतंय, आबा? जन्मल्यापास्नं दुसऱ्याच्या रानाकडंच त्वांड!"

"ऐक," आप्पा माझ्याकडे वळले. चेहरा नुसता उजळला होता. "जन्मल्यापासून! मी काय सांगत होतो?" मग मेंढक्याला म्हणाले, "म्हणजे पाप जन्मतःच असतं."

मेंढक्यानं कोकरू काखोटीला मारलं. "पाप कशाचं? भूक हाय ती! पाप कवा, जवा रानाचा मालक यिऊन इचारंल, कोकरू कुनाचं, आन् मी म्हनंन, माजं न्हाई."

मेंढरं सरकली, आम्ही निघालो. पारगावला भीमेचा पूल ओलांडताना त्यांनी फक्त "पाणी बरं आहे यंदा" एवढं म्हटलं.

चौफुल्याला सोलापूर हायवे लागतो. इथल्या लावणीच्या कला केंद्रांच्या पाट्या लांबून दिसतात. आप्पांना नेमकी तिथंच प्रार्थना आठवली. डोळे मिटून बसले. जरा वेळानं एक डोळा किलकिला करून विचारलं, "संपल्या का?" मी म्हटलं, अजून एक आहे, बघायची तर बघून घ्या. त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

वरवंडला जेवलो. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, वर ताक. दोघांचं दोनशे रुपयांत, आणि भाकरी मागू तितकी. या रस्त्यानं गेलात तर हायवेवरची चकचकीत हॉटेलं सोडा आणि बाहेर बैलगाड्या उभ्या असतील तिथं थांबा. आप्पांनी कवळी सांभाळत दीड भाकरी खाल्ली आणि एकदम विचारलं, "ती माझ्याशी बोलेल का रे?" मी म्हटलं, "ते तुम्ही काय बोलता त्यावर आहे." त्यांनी ठेच्याकडे बघत मान हलवली.

पाटसला कारखान्याचा हंगाम जोरात होता. हवेत मळीचा वास आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची ही लांब रांग. आमच्या पुढ्यात एक ट्रॉली थांबली होती, उसाचे शेंडे बॉनेटला टेकतील इतकी जवळ. आता या भागाचा एक रिवाज आहे. थांबलेल्या ट्रॉलीतून एखादा ऊस ओढला तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही. ट्रॅक्टरवाला ओरडतो, ओढणारा हसतो, दोघंही आपापल्या वाटेला लागतात. मी आरशात मागची वाहनं बघत होतो. दार उघडल्याचा आवाज आला. बघतो तर आप्पा खाली उतरलेले, काळ्या कोटात, दोन्ही हातांनी ऊस ओढतायत! तोंडात चावायला स्वतःचा दात नाही, पण जोर बघण्यासारखा.

ऊस सुटला आणि तेवढ्यात ट्रॅक्टरवाला मागं आला. "कोन रं ऊस वढतंय?"

आप्पांनी ऊस पाठीमागं धरला. तो त्यांच्या डोक्याच्या वर हातभर दिसत होता. मग माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "यानं सांगितलं!"

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेलो. ट्रॅक्टरवाला काचेशी आला. "म्हाताऱ्या मानसाला चोरी कराया लावतो व्हय रं? लाज हाय का काय?" मग आप्पांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा, आजून एक न्या. पोरं आशीच निघत्यात."

शपथेवर सांगतो, आयुष्यात इतकं हसू मी कधी दाबलं नव्हतं. गाडी सुरू झाली, ऊस मागच्या खिडकीतून बाहेर आला होता. आप्पांकडे बघितलं आणि हसू तसंच राहिलं. ते हातांकडे बघत बसले होते.

"मी असं का बोललो रे?"

"जाऊ द्या, आप्पा. गंमत झाली."

"गंमत नाही. देवानं विचारलं तेव्हा आदामानं बायकोकडं बोट केलं. चाळीस वर्षं मी त्याच्यावर प्रवचनं केली. आणि मला अर्धं मिनिटही लागलं नाही." मग बाहेर बघत म्हणाले, "फळ खाणं राहिलं बाजूला. तो मेंढका शहाणा होता."

दौंडला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. रेल्वे कॉलनीतले कडुनिंब, कुठल्याशा इंजिनाची शिट्टी, विनयाच्या दारात वाळत घातलेले लंगोट. ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. मला "ये दादा" म्हणाली, आप्पांना काही नाही. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"विनया, तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, उत्तर नाही. खोटं बोललो मी. माझा देव अकरा दिवसांच्या लेकराला दाराबाहेर ठेवत नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण बाहेर चर्चच्या मंडळीतली मोठी माणसं बसली होती. त्यांना काय वाटेल म्हणून घाबरलो. आदाम झाडामागं लपला, मी पुस्तकामागं. त्या खोलीत पाप होतं ते माझं. लेकराचं नव्हतं." आणि मग त्यांची सगळी व्यासपीठावरची मराठी गळून पडली. "त्येच्याजवळच हाय गं तुजं बाळ, पोरी. त्येच्याजवळच हाय."

विनयानं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "चार वर्षं लागली?"

"लागली."

ती रडली. तिचा नवरा रडला. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. परत आलो तेव्हा बाळ आप्पांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या चष्म्याची काडी चावत होतं.

"उद्या ते पापातच जन्माला येण्याचं वाक्य वाचणार?" विनयानं विचारलं.

"पुस्तकात आहे. वाचावं लागेल."

"वाचा. पण हिच्याकडं बघून नाही. आमच्याकडं बघून वाचा."

रविवारी कॉलनीतल्या चर्चमध्ये त्यांनी तसंच केलं. पुस्तकातून मान वर काढली, बाळाला कडेवर नीट धरलं आणि ते वाक्य आमच्याकडे बघत, एकेका बाकाकडे बघत सावकाश वाचलं. माझ्या बाकापर्यंत नजर आली तेव्हा मी बुटांची लेस बघत होतो. नंतर मटण, भात, बेकरीतून आणलेला केक, आणि आप्पांना शिरूरला सोडायला विनयाचा नवरा स्वतः तयार झाला. म्हणून मी यवत, लोणी, हडपसर असा सरळ हायवेनं परतलो. अडीच तास लागतात, हडपसरला नशीब असेल तर.

घरी येऊन दोन आठवडे झाले. हा लेख लिहायला बसलो आणि 'चहाचं आधण ठेवलं' या वाक्यापाशी अडकलो. चार वर्षांपूर्वीही मी तेच केलं होतं. आप्पांचं उत्तर ऐकलं, विनयाचा चेहरा बघितला, आणि चहाचं बघतो म्हणून आत निघून गेलो. सगळा दोष आप्पांच्या नावावर टाकून चार वर्षं आरामात राहिलो. काल शेवटी तिला फोन केला.

"विनया, त्या दिवशी मी पण त्या खोलीत होतो. मी पण काही बोललो नाही."

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "आप्पांवर माझा राग होता, दादा. वाट मात्र तुझी बघत होते."