चार बोटं कोरी जागा

चित्र कुठे संपतं, हे तुम्ही कधी तपासून पाहिलंय का? की चौकट दिसते म्हणून धरूनच चालता?

पडदेवाल्याला विचारलं असतंत तर त्यानं खाली, तुमच्या पायाकडे बोट दाखवलं असतं. चाळीस वर्षं त्यानं नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा असो नाहीतर जंगल, तळाची चार बोटं जागा तो कोरी सोडायचा. रंगवलेल्या पायरीवर नटानं चुकूनही पाय टाकू नये म्हणून. "खोटं खुशाल दाखवा, पण ते कुठे संपतं तेही दाखवा," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्याला हसणाऱ्यांना तो शिव्या घालायचा.

नाटकं बंद पडली तेव्हा एका स्टुडिओनं त्याला बोलावलं. तिथे व्हीआरचा चष्मा होता. तो डोळ्यांवर चढवला की मान वळवाल तिकडे चित्रच चित्र.

स्टुडिओची बाई म्हणाली, "काका, तुमचंच घर रंगवा. लोक आत येऊन राहतील."

त्यानं तिसऱ्या मजल्यावरचं आपलं भाड्याचं घर रंगवलं. काळवंडलेला ओटा, बिजागरी निखळलेलं कपाट, मागची गॅलरी. गॅलरीचा कठडा गंजून कोसळला होता, आणि घरमालकानं तिथे एक दोरी बांधून हात झटकले होते. चित्रात मात्र त्यानं कठडा उभा केला, हिरवागार. तेवढीच हौस. आणि तळाशी चार बोटं कोरी सोडली.

बाईनं ती पट्टी भरायला लावली. "या कलेला कडच नसते, काका. तीच तर तिची ताकद."

"मग माणसानं बाहेर यायचं कुठून?"

"यावंसंच वाटू नये."

त्याला ते पटलं नाही. पण म्हाताऱ्याला नवं जमलं नाही असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यानं पट्टी भरली.

तपासायला चष्मा घरी आणला, तर बायकोला त्यात करमू लागलं. रोज तासभर. "त्या घरात छत गळत नाही हो. कठड्याशी उभं राहिलं की कसं मोकळं वाटतं."

"अगं, ते आपलंच घर आहे."

"आपलं कसलं? आपल्याला कठडा आहे का?"

दोघंही हसले.

आठव्या दिवशी तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, बादलीतला ओला टॉवेल उचलला आणि गॅलरीत गेली. गेली आणि अगदी सवयीनं टेकायला कोपर पुढे केलं. कोपराखाली काही नव्हतं. त्यानं धावत जाऊन दंड धरला, मागे खेचलं. टॉवेल खाली गेला. तो आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"होता ना इथे," लोंबत्या दोरीकडे बघत ती म्हणाली. "आत्ताच तर होता."

त्यानं हे स्टुडिओत सांगितलं. बाईचा चेहरा खुलला. "म्हणजे चित्र फारच जमलंय, काका."

सगळे जेवायला गेले तेव्हा त्यानं चार बोटं पुन्हा कोरी केली. ते पुन्हा भरतील, हे त्याला ठाऊक आहे. गॅलरीच्या दाराला त्यानं कुलूप घातलंय. बायको रोज किल्ली मागते.

सोमवारी ते चित्रातलं घर लोकांसाठी उघडतंय. जाणार असाल तर आधी पायाशी बघा. कोरी जागा दिसली नाही, तर चष्मा काढा, भिंतीला हात लावा आणि मगच पाऊल उचला.