एका पिशवीत एकच वटवाघूळ

दिंडोरीहून फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. ज्यांच्या मळ्यातल्या पडक्या विहिरीत आमच्या ह्यांची वटवाघळं राहतात, ते शेतकरी बोलत होते. “ताई, सर बसल्या जागीच गेले. मी आवाज दिला, तर… नाय बोलले.” दूध उतू गेलं. मी आधी ओटा पुसला, मग रडले.

हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि निवृत्तीनंतर वटवाघळांच्या पंखांवरचे कोळी अभ्यासायचे. जाळं विणणारा कोळी नव्हे. द्राक्षबागायतदार ज्याच्या नावाने बोटं मोडतात त्या लाल कोळ्याचा भाऊबंद, मोहरीहून लहान. तो जन्मभर एकाच जातीच्या वटवाघळावर राहतो. म्हणून ह्यांचा नियम कडक, एका पिशवीत एकच वटवाघूळ. पिशव्या मी शिवायची, जुन्या परकरांच्या. एकदा त्या कमी पडल्या आणि ह्यांनीच दोन जातींची दोन वटवाघळं एकीत कोंबली. नंतर भिंगातून पाहतात तर परक्या पंखावर कोळी! स्वारीने तिथूनच फोन केला, “नवा यजमान सापडला, पेढे आणून ठेव!” संध्याकाळी घरी आले ते एवढंसं तोंड करून. दोन्ही एकाच पिशवीत होती, हे आठवलं होतं.

“त्याला तिथे धरताच येत नव्हतं गं,” ते म्हणाले. “त्याची नखं त्या एकाच पंखाच्या मापाची. वटवाघूळ बदलत गेलं, तसतसा हाही बदलला. लाखो वर्षं! आता दुसरीकडे कसं जमणार?”

“मग आपलंही तसंच की.”

“आपल्याला चाळीसच झालीत,” म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

दिवसकार्य झाल्यावर लेक मला पुण्याला घेऊन गेली. नातवाने स्वतःची खोली दिली, जावई दोन्ही वेळा विचारपूस करायचे. पण तिथे मला बोलताच येईना… भांडायचं कुणाशी? महिन्याभरात नाशिकला आमच्या घरी परतले. लेक रागावली, “एकटी काय करणार आहेस तिथे?” एकटी आहे, फार एकटी आहे, हे खरंच आहे.

हे मळ्यातून आले की मी त्यांना दारातच थांबवून शर्टाची कॉलर उलटून पाहायची, कोळी घरात यायला नको म्हणून. “अगं, आपल्यावर टिकत नाहीत ते,” हे दरवेळी सांगायचे, आणि तरी मान वाकवून उभे राहायचे. ते गेले त्या दिवशीचा शर्ट मी अजून धुतलेला नाही. परवा त्याची कॉलर उलटली, त्यांचं भिंग घेतलं आणि खिडकीशी उजेडात उभी राहिले. या वेळी एखादा सापडावा असं फार वाटत होतं.