झाकण उचलून बघणारी आक्का

खानापूर तालुक्यात असं एकही घर नसेल, की ज्याच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण आमच्या आक्कानं उचलून बघितलेलं नाही. देवळात गेल्यावर माणसं आधी घंटा वाजवतात, तशी ही बाई कुठल्याही घरात शिरली की आधी स्वयंपाकघर गाठायची. ज्याच्यासाठी आम्ही आलो तो पेशंट बाहेर खाटेवर कण्हत असायचा, घरची मंडळी डॉक्टरांसाठी खुर्ची शोधत असायची, आणि आतून झाकण आपटल्याचा आवाज, पाठोपाठ आक्काचा खणखणीत सवाल यायचा, "आमटी आजची हाय का कालची गं?" आक्का माझी नात्यानं कोणी नाही. ती एका संस्थेची कार्यकर्ती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं आणि त्यांचं कसं चाललंय ते बघायचं, हे तिचं काम. मी डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर. दोघांनी मिळून काम करायचं असं वरच्या लोकांनी ठरवलं. लग्न ठरवणारे ठरवून मोकळे होतात, संसार दुसऱ्यांना करावा लागतो, तसं आमचं झालं. आता संस्थेनं तिला निपाणीकडं पाठवलंय आणि आमच्या भागातली भांडी पुन्हा झाकलेली आहेत.

पहिल्या भेटीत मी तिला वेडी समजलो होतो. दुपारची वेळ, पेशंट संपलेले. एक धिप्पाड बाई सरळ माझ्या टेबलामागं आली आणि तिनं माझा डबा उघडला. मी सिस्टरना डोळ्यांनी खूण केली, हिला जरा गोड बोलून इंजेक्शनच्या खोलीत न्या. बाईनं वांग्याची एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "कूट कमी पडलंय. बायको म्हायेरी गेलीया व्हय, डॉक्टर?" बायको खरोखरच माहेरी होती. सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "सर, संस्थेच्या आक्का ह्याच." त्यानंतर बेळगावच्या घरून निघताना माझी बायको डब्यात भाजी जास्तीची भरायला लागली, आणि त्यातली अर्धी मला मिळायला लागली.

तिचा सिद्धांत एकच होता. माणूस जिभेनं खोटं बोलतो, पण त्याचं पातेलं खरं बोलतं. हा सिद्धांत तिला नेहमीच मानवला असं नाही. कणकुंबीला एका घरी तिनं मोठ्या ऐटीत झाकण उचललं, तर आत ओढ्यावरनं धरून आणलेले जिवंत खेकडे. एकानं तिचं बोट धरलं ते सोडेना. घरातला अर्धांगवायूचा पेशंट हसू लागला, आणि महिनाभर मी ज्या गालाला व्यायाम सांगत होतो तो गाल हलला. मी ते माझ्या उपचाराचं यश म्हणून आमच्या दर महिन्याच्या बैठकीत सांगितलं. आक्कानं सगळ्यांसमोर बोट वर केलं आणि म्हणाली, "खेकड्याचं नाव बी घ्या की."

ह्या बैठकीत आमचं एकमत कधी होत नसे. मी रक्तदाब सांगायचो, ती भाजी सांगायची. एकदाच एकमत झालं, आणि नेमकं तेच चुकलं.

जांबोटीच्या पलीकडं एका वाडीत एक आजी एकट्या राहत. जोडीला एक म्हैस. मुलगा गोव्यात नोकरीला. आजींना मधुमेह होता, आणि पावसाळ्यानंतर त्या दोनदा अंगणात चक्कर येऊन पडल्या. मुलगा घाबरला. घराला कुलूप लावून आईला बेळगावच्या वृद्धाश्रमात ठेवायचं त्यानं मनात घेतलं. आजी म्हणाल्या, "मेले तरी हितंच." शेवटी 'डॉक्टर म्हणतील तसं' इथवर दोघं आली आणि निकाल माझ्या गळ्यात पडला. लांबून चालत येणाऱ्या म्हातारीला उपाशी या म्हणायला माझी जीभ रेटत नसे. त्यामुळं त्या येतील तेव्हा साखर बघायचो, आणि ती दर वेळी जास्त निघायची. मी गोळी वाढवायचो. 'खाणं आवरा, आजी,' म्हणून वर दरडावायचो. आक्कानंही साक्ष दिली, "जेवतीया की चांगली. दर गुरवारी माज्या शेजारी बसून दोन भाकऱ्या खातीया. ह्या डोळ्यांनी बघितलंय." खाणं चांगलं, साखर जास्त, गोळ्या चालू. मग चक्कर म्हणजे वय झालं, दुसरं काय? इथवर आमचं एकमत. मी मनात वृद्धाश्रमावर शिक्का मारला. आक्का मात्र अडून बसली, "म्हशीला सोडून ती बाई जगायची न्हाय." शेवटी ठरलं, की दोघांनी मिळून जाऊन बघायचं आणि मुलाला काय ते एकच सांगायचं.

मला सोमवार सोयीचा होता. आक्काच्या स्कूटरवर मागं बसून निघालो. एका वळणावर स्कूटर पुढं गेली आणि मी बॅगेसकट रस्त्यावरच बसलेला राहिलो. आक्का पुढच्या फाट्यापर्यंत माझ्याशी भांडत एकटीच गेली. परत येऊन मला उचलताना म्हणाली, "तरीच म्हटलं, आज ऐकून कसं घेतायसा!"

वाडीत पोचलो. मी पडवीत बसून साखर बघायचं यंत्र काढलं, आक्का आत गेली. झाकण वाजलं. दुसरं वाजलं. आणखी एक वाजलं. सवाल मात्र आला नाही. मी आत डोकावलो, तर आक्का हातात झाकण घेऊन उभी. सगळी भांडी घासूनपुसून कोरडी, चूल थंड, राखसुद्धा भरून काढलेली. मागच्या दारानं आजी लगबगीनं आल्या. "बसा की. आत्ता पीठ मळते. आज येणार म्हणून कुणी सांगिटलंच न्हाय."

"सकाळपास्नं काय खाल्लंस?" आक्कानं विचारलं.

"च्या घेतला. आनि डॉक्टरांची गोळी. ती कधी चुकवत न्हाय बगा मी," आजी माझ्याकडं बघून अभिमानानं म्हणाल्या.

"आनि काल?"

"एकटीसाठी कुठं चूल पेटवायची गं?"

यंत्रावर बघितलं, तर उपाशी पोटी घेतलेल्या माझ्या गोळीनं साखर भलतीच खाली नेली होती. आक्कानं आजींच्या तोंडात गुळाचा खडा घातला, भाकरी थापायला ती स्वतःच बसली, आणि त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही. भाकरी खाता खाता आजींकडनं सगळं कळलं. दवाखान्याच्या वारी त्या स्टँडजवळच्या हॉटेलात माहेरच्या बायकांबरोबर भजी खाऊन, गोड चहा पिऊन माझ्याकडं यायच्या. गुरुवारी आक्का येणार म्हणून रांधायच्या. मी बघायचो तेव्हा त्या माणसांत असायच्या, आणि आक्का बघायची तेव्हा समोर आक्काच असायची. एकट्या आजी आम्ही दोघांनीही कधी बघितल्या नव्हत्या. बघणार तरी कशा? आपण गेलो की समोरचा माणूस एकटा राहतोच कुठं? आमच्या भागात मराठीत 'जेवलासा?' आणि कानडीत 'ऊटा आतेन्री?' हा रामरामच असतो. उत्तरासाठी कुणी थांबत नाही. आजी आम्हा दोघांनाही दर वेळी 'व्हय की' म्हणाल्या होत्या.

मी गोळी कमी केली. शेजारी राहणारी आशाताई, म्हणजे वाडीची आरोग्यसेविका, रोज डोळ्यांसमोर गोळी देऊन जाईल, असं सुचवलं. आक्का म्हणाली, "गोळी द्याय नगं, जेवायला जाऊ दे तिला." मग आशाताई दुपारी आपली भाजी घेऊन आजींकडं जायला लागली, आणि भाकरी आजी करायच्या. चक्कर पुन्हा आली नाही.

मुलगा आला तेव्हा आम्ही दोघं अंगणात त्याची वाट बघत होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग आश्रमाचं ऱ्हाऊ द्या म्हणतासा?"

"राहू द्या," आम्ही एकदम म्हणालो.

तो पायानं माती उकरू लागला. मग त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "डॉक्टर, मी म्हैन्यातनं किती येळा याय पायजे?"

दिवसातून दोनदा, जेवणानंतर, अशी उत्तरं माझ्या तोंडात तयार असतात. इथं त्यातलं एकही लागू पडत नव्हतं. मोठ्या आशेनं आक्काकडं बघितलं. जगातल्या प्रत्येक आमटीवर मत असलेली ती बाई समोरच्या डोंगराकडं बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "ते आमा दोघांस्नी बी सांगता येत न्हाय रं, बाळा. आत जा. तिलाच इचार."

त्यानं चपला काढल्या आणि वाकून आत गेला. आतून बोलणं ऐकू आलं नाही. ऐकू येईल इतक्या जवळ उभं राहायला नको, असं आम्हा दोघांनाही एकाच वेळी वाटलं असावं. आक्कानं स्कूटर सुरू केली नाही. आवाज होऊ नये म्हणून ती गाडी नुसती हातानं धरून उतारावरनं नेऊ लागली, आणि मी मागून हात लावून, जपून पावलं टाकत तिच्याबरोबर उतरत राहिलो.